मास्तरांचं देणं

माझ्यावर ज्यांचे उपकार आहेत त्यांची यादी करायची तर आई-वडील, एक मावशी, शाळेतल्या गणिताच्या बाई ही नावं ठरलेली. अशी नावं सगळ्यांच्याच यादीत असतात. माझ्या यादीत आणखी एक माणूस आहे, जो ना नात्यातला, ना जातीतला, ना शाळेतला. हिंगोलीत आमच्या भिंतीला भिंत लावून त्यांचं बँडचं दुकान होतं आणि अख्खा गाव त्यांना मास्तर म्हणायचा. सुपरहिरोंचे सिनेमे ऐकावेत कसे, हे मला त्यांनी शिकवलं. बघायला काय, सगळेच बघतात.

दुकान म्हणजे पत्र्याच्या शटरची एक खोली. भिंतीतल्या खुंट्यांवर लाल कोट, खांद्यावर जरीच्या झिरमिळ्या. खाली फडक्यात गुंडाळलेले ट्रम्पेट, क्लॅरिनेट, पोट फुगलेलं युफोनियम. आत पाऊल टाकलं की पितळेच्या पॉलिशचा आणि डांबरगोळ्यांचा मिळून एक वास यायचा. तुळशीच्या लग्नापासून मृग लागेपर्यंत ही खोली बंद असायची, कारण माणसं रोज कुठल्या ना कुठल्या गावच्या मांडवात. पावसाळ्यात मात्र सगळे रिकामे. गणपती आणि दसरा सोडला तर कुणाचं बोलावणं नाही. मग शटर अर्धं वर करून, चहा मागवून, दुपारभर वाद चालायचे. कुठल्या नटाला कुठलं काम द्यायला नको होतं, हा त्यातला आवडता विषय. मी ओट्यावर गृहपाठाची वही घेऊन बसायचे. मुलीच्या जातीने बँडवाल्यांच्या दुकानात बसू नये असा घरचा दंडक होता, पण ओटा आमचा होता.

1997 साली दूरदर्शनवर ‘शक्तिमान’ सुरू झालं तेव्हा हिंगोली अजून परभणी जिल्ह्यात होती. वेगळा जिल्हा झाला 1 मे 1999 ला. शक्तिमान झालेल्या मुकेश खन्नांना आम्ही ‘महाभारता’तले भीष्म म्हणून ओळखत होतो. पुढे अंधाराचा राजा किलविष झाले ते सुरेंद्र पाल, म्हणजे त्याच ‘महाभारता’तले द्रोणाचार्य. गल्लीतल्या पोरांना याचं काही वाटलं नाही. मास्तरांना वाटलं.

“भीष्म आन द्रोण, दोघं कौरवांकडूनच लढले की. आता एकमेकाच्या जिवावर काहून उठायलेत? पगारात फरक पडला असंल.”

हसून झालं की ते मुद्द्यावर यायचे. मास्तरांचं म्हणणं असं, की ज्या माणसाला वाईट माणसाचं काम द्यायचं त्याचा आवाज आधी ऐकावा, तोंड मागून बघावं. याचं मूळ आमच्या दसऱ्यात होतं. हिंगोलीचा दसरा महोत्सव दीडशे वर्षांहून जुना. रामलीला मैदानावर प्रदर्शनी भरते, आकाशपाळणे येतात, रात्री रामलीला होते आणि शेवटी रावण जळतो. रामलीलेत राम बहुधा कोवळा पोरगा असतो, मिसरूडही न फुटलेला. त्याच्याकडून कुणी फार अपेक्षा धरत नाही. गाव जातं ते रावण बघायला. रावणाच्या एंट्रीला नगारा कुठे पडतो आणि पहिलं वाक्य मैदानाच्या कडेला भजी तळणाऱ्यापर्यंत पोचतं की नाही, यावर त्या वर्षीची रामलीला चांगली की पडेल हे ठरायचं. मास्तर हे सगळं कडेला उभं राहून, मैदानाकडे पाठ करून ऐकायचे. मला वाटायचं, गर्दीचा कंटाळा असेल.

गणपतीत गल्लीत रंगीत टीव्ही आणि व्हीसीआर भाड्याने यायचा. रात्रीत तीन सिनेमे. पहिला देवाचा, दुसरा अमिताभचा, आणि तिसरा, लहान मुलं झोपली की, इंग्रजी मारधाडीचा. त्या तिसऱ्यात एका वर्षी 1978 चा ‘सुपरमॅन’ आला आणि पुढच्या वर्षी टिम बर्टनचा 1989 चा ‘बॅटमॅन’. इंग्रजीतून. गल्लीत कुणाला अक्षर कळत नव्हतं. ‘सुपरमॅन’च्या सुरुवातीला निळ्या अक्षरांतली नावं सूंऽऽ करत अंगावर येतात आणि मागे ट्रम्पेट वाजतात. पोरं ओरडली, “पुढं घ्या, पुढं घ्या!” मास्तर उठून टीव्हीसमोर आडवे उभे राहिले. कुणालाही पुढे घेऊ दिलं नाही. नावं संपेपर्यंत.

दुसऱ्या दिवशी कॅसेट परत जायच्या आधी त्यांनी आमच्या घरी टीव्ही-व्हीसीआर आणून लावला. टीव्हीच्या स्पीकरपुढे आपला टेपरेकॉर्डर धरला आणि आम्हाला श्वासही न घेण्याची ताकीद दिली. ती कॅसेट माझ्याकडे आहे. त्यात सुपरमॅनची धून सा वरून पंचमावर झेप घेते, त्याच्या बरोबर पुढे आईच्या कुकरची शिट्टी होते. शिट्टी बेसूर आहे असं मास्तरांचं म्हणणं, आणि त्यावरून आई आठवडाभर त्यांच्याशी बोलली नाही. पुढे मूळ ध्वनिमुद्रण कितीदा तरी ऐकलं, लंडन सिम्फनी ऑर्केस्ट्राने वाजवलेलं, एकदम स्वच्छ. दर वेळी त्या जागी मला काहीतरी राहून गेल्यासारखं होतं.

‘बॅटमॅन’ची धून त्यांनी क्लॅरिनेटवर लगेच काढली. पाचच सूर. सा, रे, कोमल गंधार, तिथून उडी एकदम कोमल धैवतावर आणि लगेच पंचमावर उतरायचं. “हे तर आपल्या किरवाणीतलं हाय,” मास्तर म्हणाले आणि मला समोर बसवून पुन्हा वाजवलं. “आता सांग, हा माणूस चांगला का वाईट?” मी म्हणाले, चांगला. “मग रे वरून ग वर जाताना उदास काहून झाला?” मला उत्तर आलं नाही. “आईबाप मारले गेलेत त्याचे,” ते म्हणाले. “पडद्यावर मागून कळतंय. वाजंत्र्याला आधी माहीत हाय.”

मी तेव्हा दहा-अकरा वर्षांची असेन. त्या दिवसापासून सिनेमात माझं लक्ष मागे जायला लागलं, पात्रांच्या पाठीमागे, जिथे वाजतं तिथे.

मग आलं भारनियमन. मराठवाड्यात त्या वर्षांमध्ये ज्यांनी दिवस काढले त्यांना हे समजावून सांगायला नको. केबलवर हिंदीत डब केलेला सिनेमा ऐन रंगात आला की वीज जायची. खलनायक गच्चीवर, नायक लोंबकळतोय आणि गल्ली अंधारात. पोरं शिव्या घालायची. अशा एका रात्री भिंतीपलीकडून क्लॅरिनेट सुरू झालं. मास्तर उरलेला प्रसंग वाजवत होते. आधी खालच्या पट्टीत घुटमळणं, मग तीच धून अर्धवट, तुटत तुटत, आणि शेवटी पूर्ण. पोरं ओट्यावर येऊन बसली. एकाने विचारलं, “मास्तर, वाचला का तो?” आतून आवाज आला, “धून पुरी झाली की नाही? मग वाचला.” दोन आठवड्यांनी तो सिनेमा पुन्हा लागला तेव्हा नायक खरोखर वाचला. यात नवल काहीच नव्हतं, नायक वाचतातच. पण गल्लीत मास्तरांचा भाव वधारला.

2002 चा ‘स्पायडर-मॅन’ आम्ही हिंदीतून बघितला, चुलत भावंडांसोबत, टॉकीजमध्ये. मास्तर मागच्या रांगेत होते. बाहेर पडताना पोरांचा वाद: हा टोबी मॅग्वायर फारच पाप्याचं पितर आहे, हा कसला हिरो. मास्तर मला म्हणाले, “पोरी, बॅटमॅनवाल्यानंच केलंय हे.” मला वाटलं, दिग्दर्शकाबद्दल बोलतायत. “नाही गं, वाजवनारा. तोच माणूस हाय. चढताना कसा चढतो, ते बग.” मी मान डोलावली. विश्वास बसला नव्हता.

एक गोष्ट इथेच सांगते, कारण ती मला खूप उशिरा उमगली. हे सिनेमे आमच्यापर्यंत फुटत-तुटत यायचे. तोंड अमेरिकेतल्या माणसाचं, आवाज मुंबईतल्या माणसाचा. विनोद बदललेले, शिव्या गाळलेल्या, मध्ये जाहिराती, खाली केबलवाल्याची पट्टी. नट कसा आहे हा वाद आम्ही घालायचो खरा, पण अर्धाच नट आमच्या वाट्याला आलेला असायचा. संगीताला मात्र कुणी हात लावलेला नसे. डबिंग करताना मूळ स्टुडिओकडून संगीत आणि आवाजांचा वेगळा ट्रॅक येतो, ज्यात संवाद नसतात. त्यावर नवी भाषा चढवली जाते. म्हणजे लॉस एंजेलिसमध्ये बसलेल्याने जे ऐकलं, त्यातलं संगीत तेवढं हिंगोलीतल्या बाकड्यावर जसंच्या तसं पोचत होतं. आख्ख्या गावात ते नीट हातात घेणारा माणूस एकच होता, आणि तो माझा शेजारी होता.

2005 साली मला औरंगाबादला डिप्लोमाला प्रवेश मिळाला. वडील आडत दुकानात मुनीम. हळदीचा हंगाम सरला होता आणि वसतिगृहाची अनामत लगेच भरायची होती. मास्तर रात्री आले, रुमालात बांधलेल्या नोटा वडिलांपुढे ठेवल्या आणि पाणी पिऊन गेले. सहा महिन्यांनी वडील पैसे परत द्यायला गेले तर मास्तरांनी पावतीपुस्तक काढलं. बँडचं छापील पावतीपुस्तक, ज्यात गिऱ्हाईकाच्या नावापुढे इसार लिहितात. त्यांनी वडिलांचं नाव लिहिलं, रक्कम लिहिली आणि म्हणाले, “पोरीच्या लग्नाचा इसार. बँड माझाच लावायचा.” वडील म्हणाले, “अहो, इसार आम्ही द्यायचा असतो तुम्हाला.” मास्तर म्हणाले, “ह्या खेपेला उलटा.” ती पावती वडिलांनी जमिनीच्या कागदांत ठेवली.

औरंगाबादला सायबर कॅफेत तासाने पैसे मोजून मी पहिल्यांदा जे शोधलं ते हे: 1989 चा ‘बॅटमॅन’ आणि 2002 चा ‘स्पायडर-मॅन’, दोन्हींचा संगीतकार डॅनी एल्फमन. खाली उतरले, एसटीडी बूथवर गेले, दुकानाशेजारच्या किराणावाल्याकडे फोन लावून मास्तरांना बोलवायला सांगितलं. ते धावत आले असणार, धाप लागलेली ऐकू येत होती. त्यांना वाटलं, काहीतरी वाईट बातमी. मी म्हणाले, “मास्तर, तोच माणूस आहे.” थोडा वेळ काही नाही. मग, “मंग? काय सांगितलं व्हतं? आन एवढ्यासाठी फोनला पैसे घातले?”

त्यानंतर ही माझी परतफेडच झाली. जे सापडेल ते त्यांना कळवायचं. एल्फमन संगीताच्या शाळेत शिकलेला नाही, तो ‘ओइंगो बोइंगो’ नावाच्या बँडमध्ये गायचा. पुढच्या बॅटमॅन-सिनेमांचं संगीत करणारा हान्स झिमर तरुणपणी पॉप बँडवाल्यांसोबत कीबोर्ड वाजवायचा. आणि ‘सुपरमॅन’चे जॉन विल्यम्स पन्नासच्या दशकात अमेरिकी हवाई दलात होते, तिथल्या बँडसाठी ते वाजवायचे, धुना बसवून द्यायचे. हे शेवटचं ऐकून मास्तर फार खूश झाले. हिंगोली ही जुनी छावणी. निजामाच्या काळात हैदराबाद कंटिंजंटची पलटण इथे असायची. आपल्या घराण्यात पितळी वाद्यं पलटणीच्या बँडातूनच आली, असं मास्तर सांगत. “म्हंजे सगळे बँडवालेच की,” ते म्हणाले. “आमच्यावानीच. फक्त त्यांना कोटाला इस्त्री मिळती.”

मायकल कीटनची हकीकतही मी त्यांना सांगितली. कीटनला बॅटमॅनचं काम दिल्याचं कळल्यावर अमेरिकेतल्या चाहत्यांनी स्टुडिओला निषेधाची हजारो पत्रं धाडली होती, कारण तोवर तो हसवणारा नट म्हणून माहीत. मास्तरांनी थोडा विचार केला. “म्हंजे आपल्या लक्ष्मीकांत बेर्डेला रावण करायचा.” मग आणखी विचार केला. “केला असता त्यानं. ‘धडाकेबाज’मधला बाटलीतला गंगाराम कुनी केला? आवाजात दम हाय. केला असता.” हीथ लेजरचंही तसंच झालं होतं. 2006 मध्ये बॅटमॅनच्या शत्रूच्या, जोकरच्या कामासाठी त्याचं नाव जाहीर झालं तेव्हा लोकांनी नाकं मुरडली, आणि त्याच्या जोकरला ऑस्कर मिळालं तेव्हा तो जगात नव्हता. मी दिवाळीला घरी गेले तेव्हा मोबाइलमध्ये जोकरचं संगीत भरून नेलं. झिमरने जोकरसाठी धून अशी बांधलीच नाही. चेलोचा एकच सूर, ताणत ताणत नेलेला, तारेवर धातू घासल्यासारखा. मास्तरांच्या कानात इअरफोन घातले. ते डोळे मिटून बसले आणि मध्येच इअरफोन उपसून काढले.

“बंद कर. ह्यात काहीच वाजंना, तरी जीव घाबरा होयलाय.” थोड्या वेळाने म्हणाले, “हुशार हाय. पन हे आपल्याला वरातीत वाजवता यायचं नाही.”

माझ्या लग्नात त्यांनी काय वाजवलं ते आता सांगते. सासरकडच्यांना डीजे हवा होता. तोवर डीजेने आमच्याकडे चांगलाच जम बसवला होता. त्याआधी कॅसिओवाल्या पार्ट्यांनी अर्धी पितळी वाद्यं खाल्लीच होती. वडिलांनी जमिनीच्या कागदांतून ती पावती काढून दाखवली. इसार घेतलेला आहे, मागे फिरता येत नाही. सासरे व्यापारी माणूस, पावतीला मान देणारे. बँड ठरला.

नवरदेव घोड्यावर बसून मारुतीच्या दर्शनाला निघतो, त्याला आमच्याकडे परण्या म्हणतात. मी आत, अंगाला हळद लागलेली, भोवती मावश्या. बाहेर बँड सुरू झाला. आधी नेहमीची दोन गाणी. मग थोडी शांतता, आणि क्लॅरिनेट: सा, रे, कोमल गंधार, आणि वर उडी. पाठोपाठ युफोनियमने तेच खालच्या सप्तकात. मग ढोल. माझा नवरा बॅटमॅनच्या धूनवर मारुतीकडे निघाला होता, आणि पाव्हण्यांमध्ये कुणाला पत्ता नव्हता. मी इतकी हसले की हळदीच्या वाटीवर हात पडला. मावशीने दंडाला चिमटा काढला, “नवरी अशी फिदीफिदी हसती का?” नंतर कळलं, वरमामांनी मास्तरांना गाठून विचारलं होतं, कोणतं हो हे गाणं, लई भारी आहे. मास्तर म्हणाले, “नव्या देवाचं हाय, पावनं. अजून इकडं आला नाही.” नवऱ्याला यातलं काही कळलं नाही. त्याला आजही सगळ्या धुना सारख्याच ऐकू येतात. माणूस बरा आहे.

मी पुण्यात एका ध्वनिमुद्रणाच्या स्टुडिओत काम करते. पुस्तकं वाचणाऱ्यांच्या आवाजातले श्वास आणि खाकरे काढायचं काम. मुलाखतीत मला विचारलं होतं, कान कुठे तयार केला. “हिंगोलीत, बँडच्या दुकानाबाहेर,” मी सांगितलं. त्यांना तो विनोद वाटला, आणि नोकरी मिळाली.

मास्तर ऐंशीकडे झुकलेत. बँड उठून दहा वर्षं झाली. दुकानात नातू मंडपाचं सामान ठेवतो. पण वाद थांबलेले नाहीत, ते आता फोनवर चालतात. 2016 मध्ये हिंदीत स्पायडर-मॅनला टायगर श्रॉफचा आवाज दिला तेव्हा ते म्हणाले, “उड्या मारतो म्हनून घेतला का? उड्या कुठं ऐकू येतात?” आयर्न मॅनचे हिंदी आवाज राजेश खट्टर मात्र त्यांना पसंत; “तोंड नसतं तरी चाललं असतं,” हा त्यांच्याकडचा सर्वांत मोठा शेरा. ‘सुपरमेन ऑफ मालेगाव’ हा फैजा अहमद खान यांचा माहितीपट मी त्यांना दाखवला, त्यात यंत्रमागावर काम करणारा शफीक शेख नावाचा काडीसारखा पोरगा सुपरमॅन होतो. मास्तर शेवटपर्यंत हलले नाहीत. पुढे तो कर्करोगाने गेला हे सांगितल्यावर एवढंच म्हणाले, “सगळ्यात बरोबर मानूस निवडला व्हता त्यांनी.” 2023 ला ‘स्पायडर-मॅन: अक्रॉस द स्पायडर-व्हर्स’ मराठीतूनही निघाला, आणि त्यातल्या पवित्र प्रभाकरला हिंदी-पंजाबीत शुभमन गिलने आवाज दिला. “क्रिकेटवाला?” मास्तर ओरडले. “आन मराठीत कोन? नाही माहीत? मंग फोन कशाला केला?”

गेल्या खेपेला मी गेले तेव्हा जेम्स गनच्या नव्या ‘सुपरमॅन’ची पहिली झलक मोबाइलवर होती. 2024 च्या डिसेंबरात आलेली. विल्यम्सचीच धून, पण इलेक्ट्रिक गिटारवर, संथ. मास्तरांना ऐकू कमी येतं, म्हणून नातवाने मंडपाचा मोठा स्पीकर जोडला. पहिल्या सुरालाच त्यांनी ओळखली आणि बसल्या जागी ताठ झाले. नवा सुपरमॅन डेव्हिड कोरेन्स्वेट पडद्यावर बर्फात पडलेला, तोंडाला रक्त. मास्तरांनी पुन्हा लावायला सांगितलं. मग पुन्हा. नातू कंटाळून निघून गेला.

“पोरगा बरा हाय,” शेवटी म्हणाले. “पडलाय, पन पडल्यावर रडंना. जुना सुपरमॅन, रीव्ह, पन असाच. त्याच्या येळेला बापाचं काम करनाऱ्या ब्रँडोचं नाव आधी लिवलं व्हतं ना? नवरदेवापेक्षा मामाचा मान मोठा.” मग स्पीकरकडे बोट केलं. “पन ट्रम्पेटवाल्याला काहून काढलं? त्याला फोन करून इचारलं का कुनी?”

मी म्हणाले, सिनेमात असतील ट्रम्पेट, ही नुसती झलक आहे.

“बग आन सांग,” मास्तर म्हणाले. “नसंल तर मला येळ हाय म्हनावं.”